पोटगी, पाट आणि परित्यक्ता : जालना परिसरातील निर्वाह-साहाय्याच्या नियमांचा एक ऐतिहासिक विचार

शासनाने दुर्बळांना द्यावयाच्या साहाय्याचा इतिहास सामान्यतः रकमांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. किती रुपये, किती लाभार्थी, कोणत्या वर्षी किती वाढ, एवढ्याची नोंद झाली म्हणजे विषय संपला असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. परंतु साहाय्य कोणाला मिळावयाचे हे ज्या शब्दांनी ठरते त्या शब्दांनाही इतिहास आहे, आणि तो रकमांच्या इतिहासाहून पुष्कळ जुना आहे. 'विधवा', 'घटस्फोटिता', 'परित्यक्ता', 'निराधार' हे शब्द जालना जिल्ह्यातील तहसील कचेऱ्यांत नित्य कानावर पडणारे. त्यांपैकी पहिले तिन्ही शब्द स्त्रीचा विवाह झालेला होता हे गृहीत धरून चालतात. जिला मूल आहे, मुलाचा पिता हयात असून निराळ्या गावी राहतो, आणि त्या दोघांचा विवाह कधी झालाच नाही, अथवा झाला असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो विवाहच नव्हे, अशा स्त्रीला या शब्दांपैकी कोणता लागू करावयाचा? तिच्या मुलाला कायद्याने फार पूर्वीच स्थान दिले होते. तिला स्वतःला मात्र ते मिळाले नाही, किंबहुना जे थोडे होते तेही काढून घेतले गेले. असे का घडले याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारासाठी जालन्याचा प्रदेश सोयीचा आहे, कारण येथे राज्यकर्ते व कायदे वारंवार बदलले. १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने दौलतराव शिंद्यांना अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेकडील जो मुलूख सोडावा लागला त्यात जालनापूर होते. पुढे हा प्रदेश निजामाच्या राज्यात १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत राहिला. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्रात. स्वतंत्र जिल्हा म्हणून जालना १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला, तो तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके मिळून. म्हणजे आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या येथील एखाद्या स्त्रीच्या आजीचा संसार ज्या नियमांखाली झाला ते नियम, तिच्या आईचे नियम आणि तिचे स्वतःचे नियम, हे तीन निरनिराळ्या राज्यव्यवस्थांचे होते. गावातील रूढी मात्र या सर्व काळात पुष्कळशी तीच राहिली.

ती रूढी कोणती हे प्रथम पाहिले पाहिजे. मराठी मुलखातील बहुसंख्य जातींत स्त्रीचा पहिला विवाह 'लग्न' या शब्दाने ओळखला जाई आणि दुसरा 'पाट' अथवा 'मोहतूर' या शब्दाने. विधवा जशी पाट लावी तशीच नवऱ्याने सोडलेली स्त्रीही लावी. सोडण्याचा विधी कोठे गवताची काडी मोडून होई, म्हणून तो 'काडीमोड'. कोठे लेखी होई, म्हणून ती 'सोडचिठ्ठी' किंवा 'फारकत'. आर्थर स्टील याने मुंबई सरकारसाठी दख्खनमधील जातींच्या रूढींचे जे संकलन केले व जे १८२७ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात पाटाची व सोडचिठ्ठीची नोंद आहे. या व्यवस्थेत स्त्री कोणाची, मूल कोणाचे आणि त्यांना कोणी पोसावयाचे, या प्रश्नांचा निर्णय पंच करीत. पुरावा कागदाचा नसे. भावकीच्या व गावकीच्या स्मरणाचा असे. अर्थात् ही व्यवस्था स्त्रियांना फार अनुकूल होती असे समजण्याचे कारण नाही. पाटाच्या स्त्रीला धार्मिक कार्यात मान कमी, आणि सोडचिठ्ठीसाठी पूर्वीच्या नवऱ्याचा खर्च भरून देण्याची वेळ पुष्कळदा येई. तथापि ती कोणाच्या हिशेबातच नाही, अशी अवस्था सहसा येत नसे.

पाटाच्याही पलीकडचा एक संबंध होता. पुरुषाने विवाह अगर पाट न लावता 'ठेवलेली' स्त्री, आणि तिच्या पोटचा 'लेकावळा'. लोकव्यवहारात दोघांनाही हलके लेखीत, पण धर्मशास्त्राने त्यांचा विचार केला होता. मिताक्षरेच्या परंपरेत, एका पुरुषाजवळ अखंड राहिलेल्या अशा स्त्रीला 'अवरुद्धा' ही संज्ञा असून तिच्या निर्वाहाचा भार त्या पुरुषाच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेवर टाकलेला आहे. शूद्रांच्या बाबतीत दासीपुत्राला वाटणीत काही हक्कही सांगितला आहे. ब्रिटिश काळातील न्यायालयांनी हा नियम मान्य केला. १९२६ मध्ये मुंबईकडील एका प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने अवरुद्धा स्त्रीचा मालमत्तेतून निर्वाह मिळविण्याचा हक्क उचलून धरला. शास्त्राचा हा नियम उदार होता म्हणून नव्हे, तर मालमत्ता असलेल्या घराने आपल्या आश्रितांना रस्त्यावर टाकू नये या विचारातून आलेला होता, हे उघड आहे. ज्याच्याजवळ जमीनजुमला नाही अशा मजुराच्या ठेवलेल्या स्त्रीला त्याचा उपयोग शून्य.

आता कायद्याची दुसरी धारा पाहावयाची. १८६१ च्या दंडप्रक्रिया संहितेत पत्नीच्या व मुलांच्या पोटगीचे एक कलम घातले गेले. पुढे १८७२ च्या संहितेत व नंतर १८९८ च्या संहितेत कलम ४८८ म्हणून ते कायम राहिले. दिवाणी स्वरूपाचा हा विषय फौजदारी कायद्यात का आला, याचे उत्तर त्याच्या इंग्रजी कुळात आहे. इंग्लंडमधील गरिबांच्या कायद्याचा मुख्य प्रश्न असा, की टाकलेली स्त्री व तिचे मूल यांचा खर्च गावाच्या वर्गणीवर पडू नये. तो बापाकडून वसूल व्हावा. हिंदुस्थानात गरिबांसाठी असा कर नव्हता, पण भीक मागणे व भटकणे यांतून शांतताभंग होतो ही भीती होती. १८७२ ची संहिता घडविणारा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन याने या कलमाकडे भटकेपणा रोखण्याचे साधन म्हणूनच पाहिले. आणि या रुक्ष हेतूचा एक अनपेक्षित परिणाम झाला. उपाशी मूल औरस की अनौरस, याने शांततेच्या दृष्टीने काही फरक पडत नाही. म्हणून कलमाने 'औरस अथवा अनौरस' असे दोन्ही शब्द घातले. मुलाच्या आईबद्दल मात्र 'पत्नी' हा एकच शब्द घातला.

या एका वाक्यरचनेत पुढील दीड शतकाचा बराचसा इतिहास साठलेला आहे. अविवाहित स्त्री दंडाधिकाऱ्यापुढे जाऊन मुलासाठी पोटगी मागू शकत होती, स्वतःसाठी नव्हे. ज्या हातांनी त्या मुलाला न्हाऊ-माखू घालावयाचे आणि ज्या अंगावर ते पाजावयाचे, त्यांचे पोट कसे भरावे याविषयी कायदा मौन पाळीत होता. रक्कम तरी किती? १८९८ च्या संहितेत दरमहा ५० रुपयांची कमाल मर्यादा होती. १९२३ मध्ये ती १०० आणि १९५५ मध्ये ५०० रुपये झाली. १९७३ च्या संहितेत हे कलम १२५ म्हणून आले तरी ५०० रुपयांचा आकडा जसाच्या तसा राहिला, आणि तो २००१ मध्ये काढून टाकण्यात आला.

निजामाच्या राज्यात स्वतंत्र कायदे होते. केंद्रीय दंडप्रक्रिया संहिता १ एप्रिल १९५१ पासून हैदराबाद राज्याला लागू झाली, आणि अंबड-परतूरकडील स्त्रीच्या हाती तेच कलम आले जे पुण्या-नगरकडील स्त्रीच्या हाती पूर्वीपासून होते. लगोलग हिंदू कायद्याचे संहितीकरण झाले. १९५५ च्या विवाह कायद्याने एकपत्नीत्व सक्तीचे केले; मात्र रूढीने होणारी फारकत कलम २९ खाली मान्य ठेवली. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याने आईवडिलांवर औरस व अनौरस दोन्ही प्रकारच्या मुलांच्या पोषणाची जबाबदारी टाकली. त्याच वर्षीच्या पालकत्वाच्या कायद्याने अनौरस मुलाची पहिली नैसर्गिक पालक म्हणून आईला मान्यता दिली. या तिन्ही गोष्टींचा गौरव पुष्कळांनी केला आहे, आणि तो योग्यच आहे. पण त्याच निर्वाह कायद्याच्या कलम २१ मध्ये मृताच्या आश्रितांची जी यादी आहे, तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. त्या यादीत अनौरस अज्ञान मुलगा आहे, अनौरस अविवाहित मुलगी आहे. अवरुद्धा स्त्री नाही. मिताक्षरेने व प्रिव्ही कौन्सिलने मानलेला तिचा हक्क कोणताही गाजावाजा न होता संपुष्टात आला. नवा कायदा विवाहाची प्रतिष्ठा वाढवू पाहत होता, आणि तिची किंमत विवाहाबाहेरील आईने भरली.

एकपत्नीत्वाच्या सक्तीने आणखी एक वर्ग निर्माण झाला. पहिली बायको हयात असताना ज्या स्त्रीशी पुरुषाने गावासमक्ष विवाह केला, ती गावाच्या दृष्टीने बायको, पण कायद्याच्या दृष्टीने अविवाहित. तसेच जिची पूर्वीची काडीमोड पंचांपुढे झाली पण जातीची तशी रूढी न्यायालयात सिद्ध करता आली नाही, तिचा पाटही कोसळणार. रूढी सिद्ध करण्याचा भार तिच्यावर, आणि साक्षीदार बहुधा नवऱ्याकडचे. १९८८ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, पहिला विवाह अस्तित्वात असताना झालेल्या दुसऱ्या विवाहातील स्त्री कलम १२५ च्या अर्थाने 'पत्नी' नव्हे. २००५ मध्ये गुजरातेतील प्रकरणात त्याच न्यायालयाने आईची मागणी अमान्य केली व मुलाची पोटगी मान्य करून वाढविली. १८६१ च्या वाक्यरचनेतील दुभंग इतक्या स्पष्टपणे क्वचितच समोर आला असेल. २०१३ मध्ये, पुन्हा महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात, न्यायालयाने थोडी वाट मोकळी केली : पुरुषाने पहिला विवाह लपवून ठेवला असेल तर त्याला आपल्याच लबाडीचा फायदा घेता येणार नाही व त्या कलमापुरती ती स्त्री पत्नी समजली जाईल. दरम्यान २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्याने 'विवाहसदृश संबंध' ही संज्ञा आणली होती. परंतु या साऱ्या निर्णयांचा लाभ न्यायालयापर्यंत जाणाऱ्या स्त्रीला. ऊसतोडीसाठी वर्षातील सहा महिने परजिल्ह्यात अगर परराज्यात असणाऱ्या पुरुषावर समन्स बजावणे हे काय दिव्य आहे, ते तालुक्याच्या न्यायालयात वकिली करणारांस वेगळे सांगावयास नको.

येथपर्यंत विचार झाला तो खासगी जबाबदारीचा. शासनाच्या तिजोरीतून द्यावयाच्या साहाय्याचा प्रश्न मराठवाड्यात खऱ्या अर्थाने पुढे आला तो १९७२ च्या दुष्काळात. त्या काळात उघडलेल्या कामांवर १९७३ च्या मे महिन्यात साऱ्या राज्यात सुमारे ५० लक्ष मजूर होते. त्यांतील स्त्रियांची संख्या फार मोठी होती. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते, खडी फोडणे, अशी ही कामे. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, स्त्रीच्या नावापुढे बापाचे वा नवऱ्याचे नाव लागे ते ओळखीपुरते. तो नवरा कोठे आहे, आहे की नाही, हे विचारण्याचे मुकादमाला कारण नव्हते. माती मोजली जाई आणि मातीप्रमाणे मजुरी मिळे. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकार घेतलेल्या रोजगार हमी योजनेला पुढे १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप आले व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्याने ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीला कामाचा हक्क दिला. येथे 'व्यक्ती' या शब्दावर भर द्यावयास हवा. मराठवाड्यातील अविवाहित अथवा टाकलेल्या आईला शासनाने कोणताही प्रश्न न विचारता स्वीकारले असा बहुधा हा पहिलाच प्रसंग होय. या स्वीकारामागे काही सामाजिक तत्त्वज्ञान होते असे म्हणवत नाही. काम करावयास आलेल्या हातांची वर्गवारी करण्याची सवड व गरज कोणालाच नव्हती. तसेच या हक्काची मर्यादाही मोठी होती. बाळंतीण, आजारी, तान्हे मूल सोडून येऊ न शकणारी यांना तो निरुपयोगी होता. कामावर पाळणाघराची तरतूद नियमांत होती खरी. पण झाडाच्या फांदीला टांगलेली लुगड्याची झोळी हेच पाळणाघर, असे त्या काळच्या आठवणी सांगणाऱ्या स्त्रिया सांगतात.

याच्या अगदी उलट प्रकार १९८० मध्ये सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. काम करू न शकणाऱ्यांसाठी ही योजना होती. बॅ. अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात ती आली आणि राजकीय टीका होऊनही टिकली, यातच तिची गरज सिद्ध होते. कामाची मोजणी नसल्यामुळे येथे पात्रतेची मोजणी आली, आणि पात्रता म्हणजे वर्गवारी. कालांतराने या वर्गवारीत निराधार पुरुष व स्त्रिया, अनाथ मुले, अपंग, दुर्धर आजाराने ग्रस्त, निराधार विधवा, घटस्फोटाच्या प्रक्रियेतील अथवा घटस्फोट झालेल्या पण पोटगी न मिळणाऱ्या स्त्रिया, अत्याचारित स्त्रिया, वेश्याव्यवसायातून मुक्त झालेल्या स्त्रिया, देवदासी, तृतीयपंथी, कैद्याची पत्नी आणि ३५ वर्षांवरील अविवाहित स्त्री इतक्यांचा समावेश झाला. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा दीर्घकाळ वार्षिक २१,००० रुपये होती. मासिक अनुदान ६०० रुपयांवरून २०१९ मध्ये १,००० व २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले.

ही यादी उदार आहे, यात शंका नाही. पण ती बारकाईने वाचली म्हणजे तिच्यामागची कल्पना लक्षात येते. प्रत्येक स्त्री ही कोणा पुरुषाच्या आधारावर असते आणि तो आधार कोणत्या रीतीने तुटला यावरून तिचा वर्ग ठरतो : मृत्यूने, घटस्फोटाने, तुरुंगाने. अविवाहित स्त्रीला प्रवेश आहे तो ३५ वर्षांनंतर, म्हणजे विवाहाची आशा संपल्यावर. तिला मूल असू शकेल ही कल्पना या रकान्यात नाही. चोवीस वर्षांची अविवाहित आई विधवा नाही, घटस्फोटिता नाही, पस्तीस वर्षांची नाही. तिच्यावर बलात्कार झाला असेल तर ती अत्याचारित म्हणून बसेल. स्वेच्छेने संबंध झाला असेल व पुरुष निघून गेला असेल तर बसणार नाही. अर्थात् 'निराधार स्त्री' हा मोघम शब्द आहेच, आणि सहृदय समिती त्याखाली तिला घेऊ शकते. पण तालुका समितीचा अशासकीय अध्यक्ष, सदस्य व सदस्य-सचिव असलेला तहसीलदार यांच्या विवेकावर अवलंबून असलेली गोष्ट आणि नियमाने मिळणारी गोष्ट यांत अंतर आहे. शिवाय ती बापाच्या घरी राहत असेल तर ती 'निराधार' कशी, हा प्रश्न पुढे येतोच. आणखी एक तपशील या संदर्भात बोलका आहे. लाभार्थीचा मुलगा २५ वर्षांचा झाला किंवा त्याला नोकरी लागली की अनुदान थांबते. मुलीच असतील तर चालू राहते. म्हणजे बाप नाहीसा झाला तेथून मुलगा कर्ता होईपर्यंतचा जो काळ, त्यापुरते शासन मध्ये उभे राहते.

नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीची स्थिती या यादीत बराच काळ अनिश्चित होती. गावात तिला 'टाकलेली', 'सोडलेली' किंवा नुसतेच 'माहेरी बसलेली' म्हणत. तिच्यासाठी 'परित्यक्ता' हा शब्द सार्वजनिक व्यवहारात रुजविण्याचे श्रेय स्त्री-चळवळीला आहे. संगमनेर येथे २० मार्च १९८८ रोजी अॅड. निशा शिवूरकर यांच्या पुढाकाराने परित्यक्तांची परिषद भरली. शिधापत्रिका स्वतःच्या नावे असावी, निवाऱ्याला जागा मिळावी, मुलांच्या दाखल्यासाठी बापाच्या सहीची अट नसावी, या स्वरूपाच्या मागण्या या चळवळीतून पुढे आल्या. या शब्दाने फार मोठे काम केले. दोष टाकलेल्या स्त्रीचा नसून टाकणाराचा आहे, हे तो शब्द आपल्या रूपातूनच सांगतो. परंतु परित्याग व्हावयास आधी स्वीकार झालेला असावा लागतो. तेव्हा जिचा स्वीकारच झाला नाही किंवा कायद्याने मानला नाही ती या शब्दाच्याही बाहेर राहिली. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित व विभक्त यांची स्वतंत्र गणना झाली. देशभरात घटस्फोटितांची संख्या सुमारे १३.६ लक्ष निघाली, तर विभक्तांची जवळजवळ ३५ लक्ष. न्यायालयाच्या कागदाविना तुटलेले संसार न्यायालयातून तुटलेल्यांच्या अडीचपटीहून अधिक आहेत, असा याचा अर्थ. मुळात कागदाविना जुळलेल्यांची गणना करणारा रकाना जनगणनेतही नाही. त्या स्त्रिया आपापल्या उत्तराप्रमाणे 'विवाहित', 'विभक्त' वा 'अविवाहित' यांत विखुरल्या जातात.

विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात मात्र असा वर्ग शासनाला नाव घेऊन ओळखावा लागला. झरी-जामणी व आसपासच्या भागातील कोलाम व इतर आदिवासी मुलींना बाहेरून आलेल्या पुरुषांपासून मुले झाली व ते पुरुष निघून गेले. 'कुमारी माता' हा शब्द विधिमंडळात व वृत्तपत्रांत आला, आणि त्यांच्यासाठी पुनर्वसनाच्या योजना आखल्या गेल्या. संख्येविषयी सर्वेक्षणांत मोठे मतभेद राहिले. तेथेही ओळख पटली ती शोषणाची बळी म्हणून, आणि विशिष्ट प्रदेशापुरती. मराठवाड्यातील विखुरलेल्या स्त्रियांना असे सामूहिक नाव मिळाले नाही.

पाश्चात्य देशांतील अनुभवाशी तुलना केली असता एक विलक्षण विरोध दिसतो. ब्रिटनमध्ये १९६६ नंतरच्या पूरक साहाय्याच्या व्यवस्थेत स्त्री एखाद्या पुरुषासह पतिपत्नीप्रमाणे राहते असे आढळल्यास तिचे साहाय्य बंद होई. अमेरिकेतील अलाबामा राज्याने तर मुलांच्या आईकडे कोणी पुरुष येत असेल तर तोच मुलांचा 'पर्यायी पिता' समजून मदत थांबविण्याचा नियम केला होता. तो तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रद्द ठरविला. त्या देशांत स्त्रीला आपण कोणासह राहत नाही हे सिद्ध करावे लागे, आणि अधिकारी दारावर येऊन पुरुषाचे जोडे शोधीत. जालन्याच्या तहसील कचेरीत तिला आपण पूर्वी कोणाची तरी होतो हे सिद्ध करावे लागते.

२००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने या परिसरात आणखी एक फरक केला, आणि तो मागे नेणारा होता. महाराष्ट्राच्या कायद्यातील 'प्रत्येक प्रौढ व्यक्ती'च्या जागी 'कुटुंब' आले : रक्त, विवाह वा दत्तक या नात्याने बांधलेले, एकत्र राहणारे, एकत्र जेवणारे किंवा एका शिधापत्रिकेवरील लोक, आणि त्या सर्वांना मिळून वर्षाला १०० दिवस. राज्याने आपला कायदा पूर्णपणे सोडला नाही व अधिकच्या दिवसांचा भार स्वतःकडे ठेवला, हे खरे. तरीही भावाच्या शिधापत्रिकेवर नाव असलेल्या बहिणीचे दिवस भावाच्या दिवसांत मिसळले. विधवा व परित्यक्ता यांचा स्वतंत्र विचार व्हावा असे मार्गदर्शक सूचनांत नंतर म्हटले गेले. म्हणजे शब्द पुन्हा तेच. ऊसतोडीच्या बाजारातही मोजणी जोडप्याची. पतिपत्नी मिळून एक 'कोयता', त्या कोयत्यावर उचल. एकटी स्त्री 'अर्धा कोयता'. अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या टोळ्यांत एकट्या आईला जागा मिळवावयाची तर भावाशी नाहीतर अन्य कोणा पुरुषाशी जोडी जमवावी लागते. मुकादम आणि कायदा यांचे याबाबतीत एकमत झालेले दिसते.

नियम बदलू शकतात याचा पुरावा मातृवंदना योजनेत आहे. २०१७ च्या या योजनेत पहिल्या बाळंतपणासाठी ५,००० रुपये होते, पण पतीचा आधार क्रमांक आवश्यक होता. २०२२ च्या सुधारित रूपात ती अट निघाली. एकट्या मातांना योजनेचा लाभ मिळावा हाच त्यामागील हेतू होता. त्याआधी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मातेला पालकत्वाच्या अर्जात पित्याचे नाव सांगण्याची सक्ती करता येणार नाही व तिच्या शपथपत्रावर मुलाचा जन्मदाखला द्यावा असे सांगितले होते. १ मे २०२४ वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या शासकीय कागदपत्रांत त्याच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव लिहावे असा राज्याचा नियम झाला.

त्याच वर्षीच्या जुलैत लाडकी बहीण योजना सुरू झाली. पात्र स्त्रियांची वर्गवारी अशी : विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार आणि कुटुंबातील केवळ एक अविवाहित स्त्री. कुटुंब म्हणजे पती, पत्नी व त्यांची अविवाहित मुले. वडिलांच्या घरी धाकट्या अविवाहित बहिणीसह राहणाऱ्या अविवाहित आईने या व्याख्येत कोठे बसावे? बहिणीने अर्ज केला असेल तर तिचा रकाना भरलेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लाभार्थींची पुन्हा पडताळणी सुरू झाली, तेव्हा स्त्रीच्या आधार क्रमांकाबरोबर पतीचा अथवा पित्याचा क्रमांकही मागण्यात आला. ज्यांचे पती वा वडील हयात नाहीत व ज्या घटस्फोटित आहेत त्यांच्यासाठी नंतर निराळी सोय करावी लागली, आणि मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवावी लागली.

या सर्व इतिहासात एक योजना निराळी उठून दिसते, ती बालसंगोपनाची. १९७५ पासून चालत आलेल्या या योजनेत मृत्यू, घटस्फोट, परित्याग, गंभीर आजार यांच्या जोडीला 'अविवाहित मातृत्व' हे कारण स्पष्ट शब्दांत नोंदलेले आहे, आणि अशा एकपालक घरातील मूल १८ वर्षांपर्यंत पात्र ठरते. दरमहा अनुदान ४२५ रुपये होते, ते १,१०० व २०२३ मध्ये २,२५० रुपये झाले. येथे बाल कल्याण समिती गृहभेटीचा अहवाल पाहते आणि मुलाची स्थिती तपासते. आईच्या विवाहाचा कागद हा मुख्य प्रश्न राहत नाही. कारण लाभार्थी मूल आहे, आई नव्हे. १८६१ च्या कलमातील तोच विभाग शासकीय अनुदानाच्या रूपाने येथे पुन्हा उभा राहिलेला दिसतो. जालन्यातील एकाच आईला त्यामुळे दोन कचेऱ्यांत दोन निरनिराळी उत्तरे मिळतात. महिला व बालविकास कार्यालयात तिच्या मुलाच्या प्रकरणात 'अविवाहित मातृत्व' असे लिहिलेले असते व ते मंजूर होऊ शकते. तहसील कचेरीत तिच्या स्वतःच्या अर्जावर 'पतीचे नाव' या रकान्यापुढील जागा मोकळी राहते.